रिकामा काटा

बनियनच्या कारखान्यात सूत तपासणाऱ्या मरगदमने सूत मोजायच्या रहाटाचा दांडा फिरवायला घेतला आणि खोलीतलं बोलणं थांबलं. ऐंशी फेरे झाले, घंटी वाजली. एकशेवीस वार सुताची लडी तिने उतरवली, पितळी काट्याच्या हुकात अडकवली आणि हात मागे घेतला. काटा डुलला, रेंगाळला, थांबला.

"एकोणतीस," ती म्हणाली.

दारात उभा असलेला नाचिमुथ्थू दोन पावलं आत आला. पल्लडमकडच्या एका सूतगिरणीत तो कताईमास्तर होता. सूत तीस नंबरचं द्यायचं ठरलेलं, आणि या कारखान्याला त्या नंबरचं सूत तीच एक गिरणी पुरवायची. लडी जड भरली की काटा लहान नंबर दाखवतो; नंबर जितका लहान तितकं सूत जाड, आणि जाड सुताचे बनियन तिरुपूरहून परदेशी गेले की तसेच परत येतात. त्याच्या दोन खेपा मरगदमच्या सहीने माघारी गेल्या होत्या. तिसरी घेऊन तो स्वतः लॉरीत बसून आला होता. हीसुद्धा परत आली तर लॉरी तेवढी पाठव, तू येऊ नकोस, असं गिरणीच्या मालकाने त्याला बजावलं होतं.

"हवा दमट आहे, अक्का. कापूस पाणी पितो, वजन वाढतं."

"पाऊस काय याच वर्षी पडायला लागला का, अण्णा?"

कारखान्याचा मालक दंडपाणी हसला, पण लक्ष घड्याळाकडे होतं. गोदामातलं जुनं सूत संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं.

"मास्तर, अक्कांचा काटा सतरा वर्षांत चुकलेला नाही."

"काट्याचं राहू द्या. बोटांनी बघा ना, अक्का. आमचं जुनं सूत असेल तुमच्याकडे. आषाढातलं, तुम्हीच पास केलेलं."

होतंच. पास झालेल्या प्रत्येक खेपेतला एक कोन, म्हणजे सुताचं शंकूसारखं रीळ, ती कपाटात जपून ठेवायची. तिने जुना धागा नव्या धाग्यात अडकवला, पीळ दिला आणि जोडावरून चिमूट फिरवली. जाडीत फरक असला की जोडापाशी बोटाला पायरी लागते. लागली नाही. तिने तीनदा बघितलं. तिला ते आवडलं नाही.

दंडपाणीचा फोन वाजला, तो खिडकीकडे वळला. नाचिमुथ्थू बाहेरच्या लॉरीकडे बघत होता. मरगदमने मुकाट्याने आषाढातला कोन रहाटाला लावला. ऐंशी फेरे. घंटी. लडी हुकात.

एकोणतीस.

पास करताना हाच कोन तीस भरला होता. तिने लडी काढून घेतली. रिकामा काटा वर जाऊन लाल खुणेवर थांबायला हवा होता, तो खुणेच्या खालीच अडला. हुकाच्या माथ्यावर गंध होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला तिनेच ते लावलं होतं, वर कुंकू, आणि पुढे दर शुक्रवारी त्यावरच नवा ठिपका. पूजेचं गंध कोण पुसतं? थरावर थर वाळून मसुराएवढी खपली झाली होती. दीड महिना तिने रोज नंबर वाचला होता, रिकामा काटा एकदाही बघितला नव्हता.

पदराच्या टोकात धरून खपली गुपचूप काढली असती तरी भागलं असतं. खेप पास, मास्तरची नोकरी शाबूत, तिची सतरा वर्षंही शाबूत. आधीच्या दोन खेपा तेवढ्या त्याच्या नावावर राहिल्या असत्या. पदर तिने हातात घेतलासुद्धा होता.

"मालक, फोन ठेवा आणि इकडे या," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "अण्णा, तुम्हीही. हात लावू नका, नुसतं बघा."

दंडपाणी वाकला.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"दोन खेपा परत केल्या आपण, अक्का!"

"माझ्या सहीने गेल्या. गिरणीला पत्र मीच लिहिते."

नाचिमुथ्थू काट्याकडे बघत होता. "दीड महिना मी माझ्या माणसांना शिव्या घालतोय," तो हळू म्हणाला. "एकाला तर घरी पाठवलं."

तिने अंबाड्यातली पिन काढली, खपली कागदावर खरवडली आणि नव्या खेपेची लडी पुन्हा अडकवली. काटा तिसावर थांबला. कागदाची पुडी बांधून तिने मास्तरपुढे धरली.

"गिरणीत दाखवा. माझं नाव सांगा. त्या माणसालाही सांगा."

त्याने पुडी उघडली. जबडा आवळलेला होता.

"पुढच्या शुक्रवारी गंध भिंतीला लावा," तो म्हणाला.

पण बोलता बोलताच त्याची अनामिका सवयीने त्या चुऱ्यात टेकली आणि कपाळाकडे गेली.