काळी लोकर, पांढरा दिवा

"आवं, परत धागा सुटला!" म्हाळसामामीनं घोंगडीच्या भोकातून बोट बाहेर काढलं. "ह्यातनं वाराच काय, कोकरूबी जाईल."

कुंडलिकमामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. "दिवा तर लख्ख हाय. माझंच डोळं गेलं. गेणबाला निरोप धाडलाय. उद्या माग घेऊन जाईल त्यो."

गेणबा मामीचा भाऊ, पणदऱ्याला घोंगड्या विणणारा. मामी सुटलेला धागा बोटाभोवती फिरवत राहिली.

मोरगावच्या माळावरच्या ह्या वस्तीला वीज नव्हती. मामा दिवसभर मेंढरांमागं असत आणि दिवस कलला की मागावर बसत. एकदा कंदिलानं मागावरचा उभा ताणा पेटला, म्हणून गेल्या दिवाळीत, अठ्ठ्याण्णव साली, मी त्यांना पांढरा दिवा आणून दिला. बी.एस्सी. होऊन मी पुण्यात ज्या कारखान्यात लागलो होतो, तिथं हे दिवे जोडत. ज्वारीच्या दाण्याएवढे परदेशी बल्ब, खाली बॅटरी; ती मामा मोरगावात भरून आणत. दहा वर्षं जळतात म्हणे.

मी दिव्याला मीटर लावला. बॅटरी भरलेली, सगळे दाणे पेटलेले. तरी पिशवीतला एक कोरा दिवा काढून शेजारी टांगला.

"आगं बया!" मामी म्हणाली.

काळ्या लोकरीचा एकेक धागा सुटा दिसत होता. त्याच्यापुढं जुना दिवा म्हणजे पाणी घालून वाढवलेलं ताक. त्याच्या दाण्यांचं काचेसारखं कवच आतून पिवळं पडलं होतं. दिवा विझला नव्हता. रोज इतका थोडा उणा होत गेला की डोळ्याला पत्ताच लागला नाही.

"मामा, डोळं न्हाय, दिवा गेलाय तुमचा!"

मामांनी सुटलेला धागा चिमटीत धरून पहिल्या फटक्यात गाठ मारली. "बघ गं, म्हातारा म्हनत व्हतीस!" मग ते वीतभर पट्टी विणूनच थांबले.

"शंभू, ह्यो दिवा कुठवर टिकंल?"

"सांगता येत न्हाय."

"दहा वर्सं म्हनला व्हतास."

"दहा वर्षं जळंल, एवढंच त्यांनी सांगितलंय. उजेड किती राहील, ते कुणाला ठाऊक न्हाय."

"म्हंजी ह्योबी असाच चोरपावलानं जानार."

"मी येऊन बघत जाईन."

"पुण्यावनं? दिवा बघाया?" मामा हसले. "कंदिलाची काच काळी झाली तर पुसता येती. वात खाली गेली तर वर करता येती. हितं काय करू? मी परत माझंच डोळं चोळत बसनार."

मी जुना दिवा पिशवीत टाकला.

सकाळी गेणबा टेंपो घेऊन आला. मागाची लाकडं सोडताना त्यानं घोंगडी उन्हात धरली.

"दाजी, ही शेवटची पट्टी लई नामी इनलीया. मग माग कशापायी देताय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं.

"शबूद दिलाय," ते म्हणाले आणि लाकडाचं एक टोक उचलून मला दुसरं धरायला लावलं.