शिवेपलीकडचं पहिलं शेत

वरच्या वाडीची कीड दरवर्षी ऑगस्टअखेरीस वाजतगाजत निघायची आणि किनुएच्या शेतात येऊन उतरायची.

तांबा या डोंगराळ मुलखातली ही जुनी रीत. गवताचा बाहुला करायचा, गावभरची कीड त्यात बसली असं मानायचं आणि ढोल-मशालींसह त्याला शिवेपार सोडायचं. शिवेपलीकडचं पहिलं शेत किनुएचं, काळ्या सोयाबीनचं. एवढासा तपकिरी पतंग शेंगेवर अंडं घालतो, अळी आत शिरून दाण्याची कड कुरतडते. काळं सोयाबीन म्हणजे नववर्षाच्या ताटातला मानाचा पदार्थ; असला दाणा तिथे कोण वाढणार? गेल्या साली तिचं निम्मं पीक कोंबड्यांपुढे गेलं. कोंबड्यांचं नववर्ष मात्र झोकात झालं.

कहर म्हणजे मिरवणुकीसाठी भाताचे मुटके करायचा निरोपही तिलाच यायचा.

"कीड तुमची, शेत माझं, वर मुटकेही मीच वळू?" तिने वरच्या वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष तोकुमारू यांना भर रस्त्यात गाठलं.

"काकू, आम्ही शिवेपर्यंत पोचवतो. पुढे ती कुठे जाते, त्यात आम्ही कसं पडणार?"

"पुढे काय, तिला गाडी पकडायची असते?"

"रीत आहे हो. मुटक्यात खारातला आलुबुखार घालाल ना?"

किनुएने मुटके केले नाहीत. संध्याकाळी मिरवणूक शिवेवर पोचली, तर समोरून दुसरी मिरवणूक येत होती. तीत किनुए एकटीच. पाठीवर गवताचा बाहुला, हातात पातेलं आणि उलथनं.

"सरका. कीड चाललीय."

कीड चाललेली असताना वाट अडवायची नाही, हीही रीतच. माणसं सरकली, कमरेत वाकली आणि सवयीने तिच्यामागे चालू लागली. तोकुमारूंचा ढोल पातेल्याला साथ देऊ लागला. किनुएने त्यांच्याच सोयाबीनमध्ये बाहुला रोवला, तेव्हा कुठे ढोल थांबला. ढोल थांबला की बाहुला खाली ठेवायचा, म्हणून गावाचा बाहुलाही तिथेच ठेवला गेला.

"काकू! हे माझं शेत आहे!"

"माझ्याकडून बघितलं तर शिवेपलीकडेच आहे."

ठेवलेल्या बाहुल्याला जो हात लावेल, कीड त्याची. कोणी पुढे होईना. सगळे आदराने मशाली धरून उभे राहिले. पतंगांना मशाली आवडल्या.

"उद्या सभा घेतो," तोकुमारू पडेल आवाजात म्हणाले.

"घ्याच. आणि कीड कुठे धाडायची हा विषय नको. मारायची कशी, तेवढं बोला."