दहा जागा आणि अकरावी प्रेरणा

शोभाबाई सकाळपासून नर्सिंग कॉलेजच्या दारात बसून मुली मोजत होत्या. जागा दहाच. निवडलेल्या मुलींनी आज पाचच्या आत स्वतः हजर व्हायचं. कोणी आली नाही, तर जागा त्यांच्या लेकीची, प्रेरणाची. यादीत प्रेरणा अकरावी. नऊ जणी नाव नोंदवून, पेढे वाटून गेल्याही. शोभाबाईंनी प्रत्येकीचा पेढा घेतला, आणि कोणाचा पेढा खव्याचा अन् कोणाचा नुसत्या साखरेचा, तेही मनात टिपून ठेवलं.

राहिली होती आंजी गावची मोहिनी. साडेतीन झाले तरी तिचा पत्ता नव्हता.

देवा, ती न येवो. कारण सेलूच्या दुकानात बसलेल्या नवऱ्याने, प्रभाकररावांनी निक्षून सांगितलं होतं : आज नंबर लागला तर ठीक, नाही तर पुलगावच्या स्थळाला संध्याकाळी होकार. प्रेरणा त्या मुलाला एकदाच भेटली होती. घरी आल्यावर दोन दिवस जेवली नव्हती.

सोबत आलेला योगेंद्र, प्रेरणाचा भाऊ, सेलूत इंग्रजीचे क्लास घ्यायचा. शिकवायला कोणी दिसलं की त्याला राहवत नसे.

"आई, इलेव्हन्थ म्हणजे काय, सांगू? जुन्या काळी इंग्रज लोक बोटांवर मोजत. दहा बोटं सरली की एक उरायचा. 'एक उरला', हेच त्यांच्या बोलीत झिजून झिजून इलेव्हन झालं. इलेव्हन्थ म्हणजे त्या उरलेल्याचा नंबर."

"अन् बारा?"

"दोन उरले."

"अन् तेरा?"

"तिथून सुधारले. तीन अन् दहा."

"आपल्यात अहेराच्या दहावर एक ठेवल्याबिगर पाकीट देते का कोणी? त्या एकाचाच मान असते. तुह्या इंग्रजायले काय कळते!"

बोलल्या खऱ्या, पण 'उरलेली' हा शब्द छातीत रुतून बसला. आपली पोरगी उरलेली? बसवेना. कागद तपासायच्या दिवशी मोहिनीच्या आईशी, आनंदाबाईंशी ओळख झाली होती, नंबरही घेतला होता. शोभाबाईंनी फोन लावला.

"आई, काऊन करून राह्यली फोन? राहू दे ना!" प्रेरणा कळवळली.

"सहज विचारतो. येते का नाई, ते तरी समजू दे."

तिकडून आनंदाबाईंचा मोकळा आवाज आला, "वावरात हावो, बाई. कापूस वेचून राह्यलो. उद्या भेटूच ना आपण! उद्याच हाये ना पोरीयले बलावलं?"

'हो' म्हटलं की झालं. एवढंसं अक्षर. प्रेरणा श्वास धरून बघत होती.

"नाई, आनंदाबाई," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "आजच हाये. पाचच्या आत. पळा."

प्रेरणाने आपले कागद गोळा करून पिशवीत भरले.

पावणेपाचला मोटारसायकल आली. केसांत कापसाचे धागे घेऊन मोहिनी आत धावली. आनंदाबाईंनी शोभाबाईंचे दोन्ही हात धरले, "तुमी देवासारख्या..."

आनंदाबाई आत गेल्या, तोच शोभाबाईंचा फोन वाजला. प्रभाकरराव.

"काय झालं? पुलगावचे लोक इथंच बसले हायेत."

शोभाबाईंनी लेकीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"लागला जी नंबर," त्या ठणकावून म्हणाल्या. "त्यायले चहा पाजा अन् आत्ताच नाई म्हणून सांगा."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. योगेंद्रचं तोंड उघडंच होतं.

"आई! आता?"

"सेलू येईपर्यंत सोचू," शोभाबाई म्हणाल्या. "अन् बस हळू चालणारी पाहाजो."