भिंगावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. बोराएवढं, पितळी झाकणात मावणारं; पण माझ्यातून पाहिलं की वस्तू दहापट मोठी दिसते. सध्या एका खणात, तुटक्या चिमट्याशेजारी पडून असतं. त्याचं रडगाणं मी गाणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता, त्याची गोष्ट तेवढी ऐका.

एका जवाहिऱ्याने मला आपल्या पहिल्या कमाईतून घेतलं. चाळीस वर्षं मी त्याच्या उजव्या डोळ्याला चिकटून होतं. उत्तरेच्या खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. गिऱ्हाईक आलं की हा गृहस्थ आधी विकायचा नाही, शिकवायचा! "हिऱ्याचा भाव चार गोष्टींवर ठरतो. वजन, रंग, आतले डाग आणि पैलू. वजनाला भुलू नका. पुऱ्या एका कॅरटाला केसभर कमी असलेला खडा घ्या. भाव बराच उतरतो आणि डोळ्याला काडीचा फरक कळत नाही. पैलू पाडणारा लबाड असेल तर वजन राखायला खड्याचं पोट जाड ठेवतो. मग खडा भारी, पण चमक? नावाला!" लोक हसायचे. मग तो मला त्यांच्या हातात द्यायचा. खड्यातला काळा ठिपका दिसला की "अगंबाई, हे काय!" असं कुणीतरी ओरडायचंच. तेव्हा मला भारी अभिमान वाटायचा.

रंग मात्र तो दुसऱ्या कुणाला पाहू देत नसे. पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा पालथा ठेवायचा आणि शेजारी नमुन्याचे पाच खडे मांडायचे, शुभ्रापासून पिवळसरापर्यंत. हिरा जितका बिनरंगी, तितका महाग. मागच्या बाकावर त्याची लेक खडे अंगठीत बसवायची. ती कधी म्हणाली, "बाबा, मी बघू का रंग?" तर उत्तर ठरलेलं. "रंग मीच पाहणार. दुकानाचं नाव त्यावर उभं आहे."

पुढे पुढे तो मला सारखं पुसायला लागला. "भिंग पिवळं पडलंय," म्हणायचा. साबणाच्या पाण्यात बुडवलं, कापडाने घासघास घासलं. अहो, माझी काच स्वच्छ होती! पिवळेपणा त्याच्या डोळ्यांत होता. मोतीबिंदू पिकत चालला होता. नमुन्याचे पाचही खडे त्याला सारखेच दिसू लागले, म्हणून ते डबीतच राहिले. त्याने स्वतःपुरती एक युक्ती काढली. खडा जेवढा पिवळा दिसेल तेवढा पिवळेपणा भिंगाचा म्हणायचा, वजा करायचा आणि "पांढरा" म्हणून सांगायचं. अशी चार वर्षं गेली. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कसं?

एक दिवस कपडे शिवणाऱ्या एक बाई आल्या. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवले होते. आता स्वतःच्या अंगठीसाठी एकच खडा घ्यायचा होता. "लहान चालेल, काका, पण पांढराशुभ्र हवा." जवाहिऱ्याने त्यांना तासभर शिकवलं आणि एक खडा कागदावर ठेवला. "हा घ्या, ताई. निव्वळ पाणी!" बाईंनी खडा पाहिला. मग बाहीला चिकटलेला पांढरा दोरा काढून त्याच्याशेजारी धरला. तोंड उघडलं, पण बोलल्या भलतंच. "तुम्ही म्हणता म्हणजे तसाच असणार." आणि आयुष्यभराची पुंजी मोजून निघून गेल्या.

दोन महिन्यांनी अंगठीत खडा धरून ठेवणारा एक दात सैल झाला म्हणून त्या परत आल्या. लेकीने खडा काढला, त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः कागदावर पालथा ठेवला आणि थबकली.

"बाबा, हा पिवळसर आहे."

"भिंग गं ते! भिंगच बिघडलंय."

लेकीने डबीतले पाचही नमुने माझ्यातून एकेक करून पाहिले. "भिंग ठणठणीत आहे, बाबा. मला पाच रंग दिसतायत. तुम्हाला?"

त्याने मला तिच्या हातातून घेतलं आणि तो पुन्हा पुसायला लागला. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. दिवसभर कापडाला दोरा जुळवते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मन लावून शिकवत होतात. तुम्हालाच दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

लेकीने त्यांना शुभ्र खडा बसवून दिला. जवाहिऱ्याचं ऑपरेशनही झालं. दुकानात परतल्यावर त्याने मला खिडकीकडे धरलं. मी लख्ख होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पोरी, या चार वर्षांत किती जणांना मी पिवळा खडा पांढरा म्हणून दिला गं?" गिऱ्हाइकांची नावं लिहायची रीतच नव्हती. त्याचा शब्द हीच पावती होती. त्यानंतर तो टेबलाशी बसलाच नाही. दाराशी स्टूल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांकडे बघत बसायचा. एखादी अंगठी चमकली की धडपडत उठायचा आणि विचारायचा, "ही माझ्याकडची का हो?" लोक घाबरून हात मागे घ्यायचे. शेवटपर्यंत त्याला त्यांतली एकही सापडली नाही.

मित्रांनो, मला तोंड नाही. पण त्या बाई बोलू शकत होत्या, लेक हट्ट धरू शकत होती. दोघींनी त्याचा मान राखला आणि त्या मानापायीच तो बिचारा झुरून गेला. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस चष्मा पुसून पुसून वैतागलं असेल, तर गप्प बसू नका. हाताला धरून डॉक्टरकडे न्या. ते रागावतील. खुशाल रागावू द्या.