मास्तरांनी सरकवलेली शिवण

सकाळी साडेनऊ वाजता मास्तर शिलाई मशीनवर बसले आणि बसल्याबसल्या उठले. थोड्या वेळाने पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग त्यांनी मशीनकडे पाठ फिरवली आणि टेबलाशी उभं राहून कोटाचं कापड बेतायला घेतलं.

समोर काजं करत बसलेली बायको चष्म्यावरून बघत होती.

"अहो, खुर्ची चावली का?"

"नाही गं. उभ्याने कापड नीट दिसतं."

"म्हणजे इतकी वर्षं चाचपडत कापलंत वाटतं!"

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. खरी गोष्ट सांगण्याजोगी नव्हती. मध्यंतरी अंघोळ करताना त्यांच्या हाताला लिंगाच्या मुळाशी बारीक, मऊ पुटकुळ्या लागल्या होत्या. दुखत नव्हत्या, खाजतही नव्हत्या. माणूस हाडाचा शिंपी, त्यामुळे दोष त्यांनी ताबडतोब पँटच्या माथी मारला. दोन पायांच्या मधली शिवण काचत असणार! त्यांनी ती उसवली आणि बोटभर सरकवून पुन्हा घातली. पुटकुळ्या वाढल्या. दुसरी, तिसरी पँट उसवली, चौथीची शिवण सरकवून वर मऊ अस्तर लावलं. पुटकुळ्यांना फ्लॉवरसारखे तुरे फुटले. लहानपणी बोटावर आलेली चामखीळ तेव्हा कुठे त्यांना आठवली. औषधाच्या दुकानात जाऊन, पायाला हवंय असं सांगून, ते चामखिळीचं औषध घेऊन आले. आज सकाळी ते लावलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

डॉक्टरकडे जायची त्यांना भीती नव्हती. भीती समोर बसली होती. दोघांचंही हे दुसरं लग्न, अजून दोन वर्षंही झाली नव्हती. मास्तरांचा पहिला संसार निव्वळ संशयापायी मोडला होता. तिचा पहिला नवरा वारला होता. जागाच अशी, की काही बोलायला जावं आणि हाही संसार उसवावा.

दुपारी बायकोने घरच्या धुतलेल्या कपड्यांतल्या चार पँटी आणून दुकानातल्या टेबलावर आपटल्या.

"ह्या चारही तुमच्याच ना? शिवण जागा सोडून भलतीकडेच चाललीय. कुणा गिऱ्हाइकाने हे आणलं असतं, तर तुम्ही त्या शिंप्याचा उद्धार केला असता. काय भानगड आहे?"

मास्तर पट्टीने टेबलावर रेघा मारू लागले. मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं, औषधासकट.

तिने दाताने दोरा तोडला. "शटर ओढा. दाखवा."

"दुकानात?"

"मग काय चौकात?"

तिने पाहिलं. मग चष्मा सारखा केला. "हे शिवणीचं काम नाही. डॉक्टरचं आहे. मला जे विचारायचंय ते मी तिथेच विचारीन."

दवाखान्यात डॉक्टर निघाली तरुण बाई. मास्तर दारातच घुटमळले.

"आयुष्यभर परक्यांच्या जांघेला टेप लावलीत," बायको कुजबुजली, "आता स्वतःची वेळ आली तर नवरीसारखे लाजताय!"

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला आणि नीट तपासलं. "ह्या गुप्तांगावरच्या चामखिळी आहेत. एका विषाणूमुळे होतात. शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतात. पुष्कळ लोकांना होतात, उपचारही आहेत. पण ते पायाचं औषध पुन्हा इथे लावू नका. आधी ही भाजलेली कातडी बरी होऊ दे, मग गोठवून काढू. रक्ताच्या तपासण्या करून घेऊ. आणि तोवर निरोध वापरा. त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही."

"शिवणीचा काही संबंध?" मास्तरांनी शेवटची आशा धरून विचारलं.

"शिवणीचा?"

"काही नाही," बायको म्हणाली. "डॉक्टर, आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. हे आलं कुणाकडून?"

मास्तर पट्ट्याचं बक्कल लावता लावता थांबले.

"सांगता येत नाही. हा विषाणू महिनोन् महिने, कधीकधी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. यांच्या आधीच्या लग्नातला असेल, तुमच्या आधीच्या लग्नातलाही असेल. तुम्हीही तपासून घ्या. चामखिळी करणारे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत, पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी बायकांनी तशीही करायचीच असते."

"म्हणजे संशयितांपैकी एक देवाघरी आणि दुसरी फोन उचलत नाही," बायको म्हणाली. "जाब विचारायचा कुणाला?"

डॉक्टरांना हसू आवरेना. परतताना मात्र बायको हसत नव्हती. दुकानाच्या दाराशी थांबून तिने सरळ विचारलं, "लग्न झाल्यापासून माझ्याशिवाय कुणी?"

"नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट खांद्यात बसलाय की नाही ते बघावं तशी.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पँटीच्या आधी मला सांगायचं."

त्यानंतर दोनदा गोठवून झालं. तुरे गळून गेले. कडेची एक चामखीळ अजून तग धरून आहे, आणि पुन्हा उगवू शकतात असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. बायकोच्या अंगावर काही दिसलं नाही. तिच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. मास्तर आता मशीनवर बसतात. तीन पँटींची शिवण तिने स्वतः जागेवर आणली. चौथी, ती चामखीळ जाईपर्यंत, तशीच खुंटीला आहे.