हातभर आत

रुद्रय्याअण्णांची नजर ही चिंचेच्या तालमीची सार्वजनिक मालमत्ता होती. मार्केट यार्डात गुळाच्या रव्याकडं, म्हणजे ढेपेकडं, एकदा बघून तो बिद्रीकडचा की कोडोलीकडचा, हे अण्णा सांगत, आणि ज्याचा गूळ तो शेतकरीसुद्धा त्यावर मान डोलावी. हीच नजर गेली तीस वर्षं फुटबॉलच्याही सेवेत होती. बॉल लाइनीबाहेर गेला की नाही, धक्का खांद्याचा की कोपराचा, असा वाद स्टँडात उठला की माना अण्णांकडं वळत. अण्णा काय ते सांगत. रेफ्रीचं मत वेगळं पडलं तर ती रेफ्रीची अडचण.

त्यामुळं सत्त्याण्णव सालच्या आबासाहेब चषकाच्या सेमीफायनलला, मॅच संपायला दोन मिनिटं असताना, अण्णा चप्पल शोधत होते ही गोष्ट एकट्या अण्णांनाच ठाऊक असणं सगळ्यांच्या दृष्टीनं बरं होतं.

चिंचेच्या तालमीची फुटबॉल टीम तेव्हा पाणंद तालमीपेक्षा एका गोलनं मागं होती. जिंकल्यावर लावायची म्हणून आणलेली फटाक्यांची माळ स्टँडाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोत्यात पडून होती. तिच्यावर कुणाच्या तरी विडीची ठिणगी पडली आणि माळेनं निकालाची वाट न बघता वाजायला सुरुवात केली. अख्खा स्टँड उठून मागं वळला. अण्णाही वळले, आणि वळताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल सुटून दोन पायऱ्यांमधल्या फटीत गेली. अण्णा वाकले. नेमका तेव्हाच मैदानातून ठण्ण असा आवाज आला.

अण्णा उठून मैदानाकडं वळेपर्यंत सगळं झालं होतं. बॉल पाणंदच्या गोलकीपरच्या पोटाशी होता. आपला सोमेश दोन्ही हात वर करून पळत होता. म्हणजे त्याची किक वरच्या बारला लागून बॉल खाली पडला असणार, लाइनीच्या आत किंवा बाहेर. रेफ्री बाळासो मात्र गोल नाही म्हणून हात हलवत होता.

शेजारच्या सयाजीनं अण्णांचा दंड धरला. सयाजीचं सायकलचं दुकान होतं, आणि अण्णांच्या शेजारची जागा गेली वीस वर्षं त्याची होती.

"अण्णा, आत हुता न्हवं?"

या प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर देण्याची सवय अण्णांच्या जिभेला नव्हती.

"हातभर आत," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर चहा आला तोवर बॉल दीड हात आत गेला होता.

"रेफ्री न्हवं त्यो, आंधळी कोशिंबीर हाय," सयाजी म्हणाला.

"रेफ्री बावड्याचा," जोतीराम म्हणाला. जोतीराम पोस्टात होता आणि कोणाचा पत्ता काय हे त्याला पाठ असे. "पर बाळासोच्या भैनीची सासू कुठली? पाणंद गल्लीची! आता बोला."

"सासूचा काय संबंध, लेका?"

"संबंध कसा न्हाय? दिवाळीला फराळ खातोय की तिथं!"

फराळाचा मुद्दा सगळ्यांना पटला. मग सोमेशनं पहिल्या हाफमध्ये दोन सोपे चान्स घालवले त्याचं काय, असं कुणीतरी मागून म्हणालं. त्याला सांगण्यात आलं की आता विषय रेफ्रीचा चालू आहे.

"तू सोता बघितलास व्हय रं बॉल?" अण्णांनी हळूच जोतीरामला विचारलं.

"म्हंजे काय! तुमी बघितलासा न्हवं? मग झालं की."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. आपल्या एकट्याच्या न बघण्यानं काय बिघडतंय, तीनशे माणसांनी तर बघितलंय, अशी त्यांनी दुपारपासून स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत आता जरा सैल झाली.

अण्णा घरी गेले ते एका चपलेनं. त्यांच्या बायकोनं, दानम्मांनी, दारातच पायांकडं बघितलं.

"दुसरी कुठं हाय?"

"गर्दीत गेली."

"मग मॅच बघत हुतासा, का चप्पल शोधत हुतासा?"

अण्णा म्हणाले, "भाकरी वाढ."

दुसऱ्या दिवशी तालमीनं स्पर्धेच्या तक्रार समितीला अर्ज लिहिला. 'सदर चेंडू रेषेच्या आत पडल्याचे आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले आहे,' असं त्यात होतं, आणि खाली पहिली सही अण्णांची घेतली. पहिली सही अण्णांची म्हटल्यावर बाकीच्या बेचाळीस जणांनी मजकूर वाचला नाही. सुनावणी बुधवारी पाच वाजता ठरली.

बुधवारी दुपारी सयाजी धापा टाकत यार्डात आला.

"अण्णा, काम झालं! इश्वजितनं शूटिंग केलंय. अख्ख्या मॅचची कॅसेट हाय. तालमीत टीव्ही लावलाय, चला."

अण्णांच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा एका रव्याला, तो रवा कुठला हे न सांगता, ते सोडून गेले.

विश्वजित हा लग्नाचं शूटिंग करणारा. तालमीच्या प्रेमापोटी त्यानं मैदानाच्या कडेला, स्टँडाकडं पाठ करून, कॅमेरा लावला होता. तालमीत चाळीसेक माणसं मांडी घालून बसली. अण्णांना पुढं खुर्ची दिली. आता साऱ्या पेठेसमोर बॉल बाहेर पडलेला दिसला, तर त्यानंतर आपण गुळाला गूळ म्हटलं तरी लोक चाखून बघणार, हे अण्णांना कळून चुकलं होतं.

कॅसेट चांगली होती. सोमेश बॉल घेऊन निघाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. सगळे गुडघ्यांवर उठले. तेवढ्यात टीव्हीत फटाके वाजले, चित्र गर्रकन फिरलं, आणि मैदानाऐवजी स्टँड दिसू लागला.

"अरं ए! बॉल कुठं गेला?"

विश्वजित ओशाळला. "फटाकं वाजलं की हात आपोआप फिरतोय, अण्णा. लग्नात फटाकं वाजलं की नवरदेव आला म्हणून समजायचं. धा वर्साची सवय."

नवरदेव आलेला नव्हता. पडद्यावर तीनशे पाठी होत्या. गोलपोस्ट कॅमेऱ्याच्या मागं होतं, आणि तीनशेतला एकही माणूस तिकडं बघत नव्हता. पुढच्या खुर्च्यांवरचे मान्यवरसुद्धा उठून मागं बघत होते. भगवा फेटा बांधलेले एक गृहस्थ तर त्यासाठी खुर्चीवर चढले होते. टीव्हीत ठण्ण आवाज झाला. एकही पाठ हलली नाही.

 माणसाला स्वतःची पाठ ओळखू येत नाही, त्यामुळं जो तो दुसऱ्याची ओळखत होता.

"ह्यो टक्कलवाला कोण?" जोतीरामनं विचारलं.

"तूच की."

"न्हाय! मी हितकं कुठं..." जोतीरामनं डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला. "आन् हे कोण वाकलंय?"

चौथ्या पायरीवर, तीनशे पाठींच्या मधोमध, एक पांढरं धोतर वाकलेलं होतं. कॅमेऱ्याच्या बाजूला त्याची पाठ नव्हती, पाठीच्या खालचा भाग होता.

"मी हाय त्यो," अण्णा म्हणाले.  "मी चप्पल..."

"थांबा!" सयाजी ओरडला. तो टीव्हीजवळ गेला आणि काचेवर बोट ठेवलं. "इश्वजित, हितं थांबीव. बघा लेकांनो! सगळ्यांची तोंडं कुठं? मागं. आन् अण्णांचं? वाकल्यामुळं तोंड पायांच्या मधनं डायरेक गोलाकडं! अख्ख्या स्टँडात मैदानाकडं तोंड आसलेला एकटा माणूस!"

सगळे पुढं सरकले. धोतराच्या सोग्यामुळं नीट दिसत नव्हतं, पण बघायचंच म्हटल्यावर सगळ्यांना दिसलं.

"उलटा बघितला अण्णांनी बॉल!"

"उलटा बघून हातभर! सुलटा बघितला आसता तर दोन हात!"

"अरं, मी चप्पल शोधत हुतो," अण्णा म्हणाले.

"बघा, मोठेपणा बघा," सयाजी म्हणाला.

बेचाळीस जणांनी सुनावणीला यायचं ठरलं होतं. कॅसेट बघितल्यावर एकेकाला काम आठवलं, आणि एकमेव साक्षीदार म्हणून अण्णांना पुढं करण्यात आलं. सोबत सयाजी, काखेत कॅसेट.

समितीचे अध्यक्ष टेबलामागं बसले होते. भगवा फेटा बांधलेला होता. अण्णांनी फेटा बघितला, फेट्याचा तुरा बघितला. या बाबतीत मात्र त्यांची नजर शाबूत होती.

"बॉल आत गेला नव्हता," अध्यक्ष म्हणाले. "मी स्वतः पुढच्या रांगेत होतो. मी स्पष्ट पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंत?"

अण्णांनी पुन्हा एकदा फेट्याकडं बघितलं. नाही म्हणावं तर सहीला काय उत्तर द्यायचं, आणि हो म्हणावं तर गुळाला. म्हणून त्यांनी जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं.

"सायेब, तुमी जेवढं बघितलासा, तेवढंच मी बघितलं."

"म्हणजे?"

"हिच्यात दिसतंय सगळं." अण्णांनी सयाजीच्या काखेकडं बोट केलं. "फटाकं, स्टँड. खुर्चीवर चढलेला फेटाबी."

अध्यक्षांनी पाणी प्यायलं. शेजारच्या सभासदांकडं बघितलं. मग कॅसेट बघण्याचं काही कारण दिसत नसल्याचं सांगून, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं असून रेफ्रीचा निर्णय अंतिम असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी, खेळाडू सोडले तर, बॉलकडं बघणारा बाळासो हा एकटाच होता, त्यामुळं निर्णयात तशी चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

तालीम हरली, पण सयाजीनं कट्ट्यावर येऊन सांगितलं की अण्णांनी अध्यक्षाच्या तोंडावर बोलून त्याला पाणी प्यायला लावलं. पाणी खरोखरच प्यायलेलं असल्यानं अण्णांना ते नाकारता येईना. त्यांची नजर आता उलटीसुद्धा चालते अशी ख्याती झाली. यार्डात एकानं गुळाचा रवा त्यांच्यासमोर उलटा धरून परीक्षा बघितली. अण्णा त्या दिवशी घरी लवकर आले.

पुढची मॅच महिन्याभरानं होती. निघताना दानम्मांनी त्यांच्यापुढं कॅनव्हासचे बूट ठेवले. अण्णांनी ते घातले.

स्टँडात ते चौथ्या पायरीवर बसले आणि नव्वद मिनिटं बॉलवरून नजर काढायची नाही असं ठरवलं. मागं भांडण झालं, वळले नाहीत. शेंगदाणेवाल्यानं पुडी पुढं केली, घेतली नाही. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. समोरच्या टीमची किक आली, आपल्या गोलकीपरनं झेप घेतली, बॉल धरला, आणि धरला तो गोलाच्या आत. लाइन कुठं, बॉल कुठं, अण्णांना गुळाच्या रव्यासारखं लख्ख दिसलं. हातभर आत.

बाळासोनं शिट्टी फुंकून गोल दिला. स्टँड पेटला. "बाहेर! बाहेर हुता! चोर हाय ह्यो!" आणि मग सवयीनं सगळ्या माना अण्णांकडं वळल्या.

सयाजीनं दंड धरला. "अण्णा, तुमी बघितलासा. बाहेर हुता न्हवं?"

अण्णांनी एकदा मैदानाकडं बघितलं. बाळासो शिट्टी हातात घेऊन, शिव्या झेलत, सेंटरकडं चालला होता. एकटाच.

"न्हाय रं सयाजी," अण्णा म्हणाले. "मला न्हाय दिसलं. मी चप्पल शोधत हुतो."

सयाजीनं खाली बघितलं. अण्णांच्या पायांत बूट होते. नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली होती.