सारख्या उंचीच्या टोप्या

आईला कीबोर्ड ऐकू यायचा. तसा सगळ्यांनाच येतो म्हणा, पण इतरांना नुसती टकटक ऐकू येते. हिला मजकूर ऐकू यायचा. जन्मभर टायपिंगचा क्लास चालवलेली बाई! खोलीभर यंत्रं एकदम खडखडत असताना पाठमोरी बसून ओरडायची, "खिडकीजवळची, ‘कृपया’तला ‘कृ’ खाल्लास!" पुढं क्लास बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, कान तेवढा राहिला.

आणि घरात चिरंजीव. चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे, पंख्यांची नि मिक्सरची माहितीपत्रकं घरी बसून लिहिणारे. त्यांच्या मेकॅनिकल कीबोर्डच्या टोप्या, म्हणजे बटणांवरची प्लास्टिकची टोपणं, पायरीच्या घाटाच्या होत्या. मागची रांग उंच, पुढची ठेंगणी. त्यामुळे प्रत्येक रांगेचा आवाज निराळा आणि आईची चैन. चिरंजीवांनी साहेबांना "आदरणीय महोदय" लिहिलं की स्वयंपाकघरातून यायचं, "डोंबलाचा आदरणीय! तुझं नाव धड लिहिता येत नाही त्याला." त्यांनी "तब्येत बरी नसल्यामुळे" लिहिलं की, "काही खोटं लिहू नकोस. सकाळी दोनदा नाश्ता हाणलायस."

खरं सांगायचं तर ही चिरंजीवांची सोयच होती. कुठलीही गोष्ट आईला तोंडानं सांगायची वेळच यायची नाही. पण एक दिवस दूरच्या शहरातल्या कंपनीचं पत्र आलं: इथं येऊन काम करा, पगार चांगला देऊ, होय की नाही ते आठवड्यात कळवा. चिरंजीवांना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण ‘होय’ लिहायचं कसं? लिहायचा अवकाश, आई हात पुसत दारात हजर! मोबाइलवरून लिहावं, तर ती म्हणणार, आज कीबोर्ड गप्प का? म्हणजे चोरी पकडलीच.

म्हणून ते टोप्यांच्या दुकानात गेले. दुकानदार स्थळं दाखवावीत तशा गंभीरपणे टोप्या दाखवत होता.

"बोट खळग्यात रमतं की पन्हळीत?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"ही बघा, गोल खळग्याची. बोट आत बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. ही पन्हळीची, बोट घसरतं पण कामसू राहतं. तुमची करंगळी बघू. अरेरे, आळशी आहे. तिला खळगा देऊ नका."

"मला आवाजाचं सांगा. सगळ्या बटणांचा आवाज एकच हवा."

दुकानदारानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "मग सारख्या उंचीच्या, सपाट आणि जाड घ्या. सगळ्या रांगा एकच बोलतात. पण साहेब, बोटं वाट चुकतील हं. कुठली रांग ते कळणार नाही."

"कुणालाच कळू नये," चिरंजीव म्हणाले आणि टोप्या घेऊन सुटले.

घरी येऊन त्यांनी गुपचूप टोप्या बदलल्या आणि परीक्षा म्हणून लिहिलं, "आईला स्वयंपाक मुळीच येत नाही." स्वयंपाकघर गप्प! चिरंजीवांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी होकाराचं पत्र लिहून काढलं, आणि ते पाठवणार एवढ्यात आई दारात आली. चेहरा पांढराफटक.

"काय लिहिलंस रे?"

"मिक्सरचं."

"मला सगळं एकच अक्षर ऐकू आलं. टक, टक, टक." ती मटकन खुर्चीत बसली. "गेला माझा कान."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजी, तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत. आईचा विश्वास बसला नाही. "धीर द्यायचेच पैसे घेतात ते," म्हणाली. मग ती बहिऱ्या माणसासारखी ओरडून बोलू लागली. शेजारणीशी खाणाखुणा करू लागली. "आता मला दाराची बेलसुद्धा ऐकू यायची नाही," असं रडवेल्या तोंडानं सांगायची, आणि बेल वाजली की स्वतःच उठून दार उघडायची.

"तू घरात आहेस म्हणून बरं," ती म्हणायची. "नाहीतर बहिऱ्या बाईनं एकटीनं काय करायचं?"

होकाराचं पत्र तसंच पडून राहिलं. आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. अशा घाबरलेल्या आईला टाकून जायचं, की मुकाट्यानं राहायचं? शेवटी ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"आई, मी…"

"मोठ्यानं बोल! मला ऐकू येत नाही!"

"मी टोप्या बदलल्या!" चिरंजीव बेंबीच्या देठापासून ओरडले. "मला लांब नोकरी मिळालीय! तुला कळू नये म्हणून बदलल्या!"

खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"म्हणजे माझा कान शाबूत आहे?" आईनं विचारलं. मग ती हसली, रडली, आणि हातातल्या ओल्या फडक्यानं तिनं चिरंजीवांना झोडपलं. "मेल्या, लाज नाही वाटली? झोप उडाली होती माझी!" तरातरा जाऊन तिनं कीबोर्डची चार बटणं दाबली, कान लावला. "शी! कसली मठ्ठ टोपणं."

आनंद ओसरायला थोडा वेळ लागला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "जाणार?"

"होय."

आईनं बराच वेळ फडकं पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"मग ती जुनीच टोपणं घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडं ऐकणारं कोण आहे तुला?"